दोरीवरचा हार

माणसाचा हात वाचवणारं सॉफ्टवेअर निवडायला आमच्या कारखान्यात जी समिती नेमली, तिच्यात मशीनवर हात घालणारा एकही माणूस नव्हता. साहेब होते, म्हणजे मालकांचे चिरंजीव. ते परदेशातून मॅनेजमेंट शिकून आलेत आणि तेव्हापासून वैशाखातही कोट घालतात. एचआरच्या मॅडम होत्या. खरेदीखात्याचे एक गृहस्थ होते, ते बिस्किटांची बशी रिकामी करण्यापलीकडे कुठल्याही बैठकीत काही करत नसत. आणि मी होते, कारण मी तिथली सुरक्षा अधिकारी आहे आणि मला वगळलं असतं तर कागदावर बरं दिसलं नसतं.

आमचा कारखाना महापेला आहे. रबराच्या शीट आणि गॅस्केट बनवतो आम्ही. तो वास नाकात असा बसलाय की नेरूळला घरी पोचून वरणाला फोडणी दिली तरी मला आधी रबरच येतं. घसरायला, भाजायला, डोकं आपटायला कारखान्यात जागा पुष्कळ आहेत. पण माणसाचा हात कोपरापर्यंत आत घेईल असं मशीन एकच, रबराची मिल. दोन जाडजूड लोखंडी रोल शेजारी-शेजारी आडवे, एकमेकांकडे आत फिरणारे. मध्ये रबर घालायचं, ते चेपून खाली येतं, उचलून पुन्हा वर घालायचं. आमच्याकडे हे सगळं हातानेच होतं. रबर आणि हातमोजा यातला फरक रोलना कळत नाही. म्हणून मिलच्या पुढच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, एक दोरी आडवी ताणलेली असते. ती ओढली की मिल जागच्या जागी थांबते. एक हात अडकला तर माणसाने दुसऱ्या हाताने ती दोरी ओढायची. मिलवरच्या माणसाला त्या दोरीखेरीज दुसरं कोणी नसतं.

सकाळपाळीला मिलवर असतो तो ऑपरेटर इथलाच, खाडीकाठच्या गावातला. घरची भातशेती कधीच शहराखाली गेली. त्याची करंजाडेला एक इमारत आहे, तिच्यात भाडेकरू आहेत, आणि तो कामाला येतो ती गाडी एचआरच्या मॅडमच्या गाडीपेक्षा मोठी आहे. गळ्यातली सोन्याची साखळी मी त्याला रोज काढून ठेवायला लावते आणि रोज तो कुरकुरत काढतो. वाद घालायला एक नंबर, शिवाय देवभोळा. इतकं असताना मिलवर कशाला राबतोस, असं मी एकदा विचारलं होतं. भाडं झोपून पण येतं, म्हणाला, पण मिल काही सगळ्यांना येत नाही. त्याचा हा तोरा मला आवडायचा. कारखान्यात तोरा मिरवणारे बरेच होते, पण त्याच्या तोऱ्याला निदान काहीतरी आधार होता.

आता सॉफ्टवेअर. पहिलं दाखवायला आला तो पन्नाशीचा, बॅगेची चेन तुटलेला, घामाघूम माणूस. मशीनपाशी भिंतीवर एक डबी बसवायची. कामगाराने बटण दाबून आपल्या भाषेत काय बिघडलंय ते बोलायचं. ते त्याच क्षणी साहेबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू येणार, आणि जोवर कोणी जाऊन दुरुस्ती करत नाही आणि ज्याने तक्रार केली तोच ‘झालं’ म्हणत नाही, तोवर पडद्यावर लाल ठिपका राहणार. बस, एवढंच. मला ते ऐकून पहिल्यांदा वाटलं की हा माणूस कधीतरी कारखान्यात उभा राहिलेला असावा.

साहेबांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “इतकं लाल कशाला आहे?”

लाल म्हणजे काम बाकी आहे, असं तो बिचारा म्हणाला. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येईल तेव्हा हे बरं दिसेल का, थोडं कमी करता येईल का, असं साहेबांनी विचारलं. दुरुस्ती केली की आपोआप कमी होतं, असं त्याने सांगितलं. हे उत्तर साहेबांना उद्धट वाटलं. एचआरच्या मॅडमना रंगसंगती जुनाट वाटली. खरेदीवाल्यांना काय वाटलं ते बिस्किटांना माहीत.

दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तो लग्नाला निघाल्यासारखा. त्याच्या पडद्यावर नुसती हिरवळ. प्रत्येक मशीनवर एक स्टिकर लावायचा, सुपरवायझरने तो मोबाइलने स्कॅन करायचा, फोटो काढायचा, ‘ठीक’वर बोट ठेवायचं, की मशीन हिरवं. कामगाराला काही म्हणायचं असलं तर ते आधी सुपरवायझरकडे जाणार. त्याने मंजूर केलं तर ती तक्रार. मी विचारलं, आणि त्याने मंजूर नाही केलं तर? तर मग ती तक्रारच नाही ना मॅडम, असं तो हसून म्हणाला. त्या दिवसभरात त्याने दिलेलं एवढं एकच उत्तर सरळ होतं. मग मी विचारलं की आमच्याकडे मशीनजवळ मोबाइल न्यायला बंदी आहे, सुरक्षेसाठीच आहे, तेव्हा हे स्कॅन कोण आणि कुठून करणार? यावर समितीने माझ्याकडे असं पाहिलं जणू लग्नात मी मयताचा विषय काढला.

पण साहेब खरे विरघळले ते पहिल्या पानावर. तिथे मोठ्या आकड्यात ‘अपघाताविना गेलेले दिवस’ दिसत होते आणि आकड्याभोवती फुलबाज्या उडत होत्या. हाच आकडा आमच्या गेटवरच्या पाटीवर असतो. वॉचमन रोज सकाळी तो बदलतो आणि गेटातल्या गणपतीला ओवाळलेली उदबत्ती पाटीलाही ओवाळतो. साहेब गिऱ्हाइकांचे फोटो त्या पाटीशेजारी काढतात. आता ती पाटी खिशात घेऊन फिरता येणार होती. माझी मागणी एकच होती, की धोका सांगायला कामगाराला कोणाची परवानगी लागू नये. ती मी पुन्हा मांडली.

“मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह आहात,” साहेब म्हणाले.

ही सगळी माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती चारचौघांसारखीच आहेत. माझ्या सोसायटीत आग विझवायचे सिलिंडर चोरीला जाऊ नयेत म्हणून चेअरमननी ते जाळीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेत आणि किल्ली त्यांच्याकडे असते. ते मे महिन्यात गावाला जातात तेव्हा किल्लीही जाते. मी सभेत बोलले तर तिथेही मला हेच ऐकवलं. फक्त इंग्रजी जरा कमी होतं.

असो. दुसरं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून पाहायचं ठरलं. तो महिना दसऱ्याचा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी धुणं-पुसणं, मग प्रत्येक मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, समोर नारळ. त्या वर्षी स्वस्तिकाच्या शेजारी स्टिकरही होते. कुंकू ओघळून अर्ध्या स्टिकरांवर आलं आणि ते स्कॅन होईनात, म्हणून तो हिरवळवाला माणूस नवे स्टिकर घेऊन भर पूजेच्या वेळी येणार होता. मिलचा मान मोठा, त्यामुळे तिचे हार ऑपरेटरने स्वतः आणले होते, चांगले मनगटाएवढे जाड. ते अडकवायला मिलवर सोयीची जागा एकच, ती दोरी. ओळीने हार लटकले आणि दोरी खाली वाकली.

दोरीवर काही अडकवायचं नाही, हे मी सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, देवाचा हार हाय तो. कुटं तरी लावाला पायजे ना.” पूजा होईपर्यंत राहू दे, मग उतरव, असं मी म्हणाले. तेवढ्यात गेटवरून फोन आला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षेच्या सूचना देणं माझं काम, आणि हिरवळवाल्याबरोबर त्याचे आणखी दोघं सहकारी आले होते. मी गेटवर गेले. हेल्मेट कसं घालायचं हे तिघांना समजावत असताना मागे काय झालं ते मला नंतर कळलं.

साहेबांनी बटण दाबून मिल सुरू केली. पूजेत एकदा मशीन चालवून दाखवायची पद्धत आहे. पण हारांच्या वजनाने दोरी ताणलेली, तिने मिल थांबवली. साहेबांनी पुन्हा दाबलं, मिल पुन्हा थांबली. भटजी मंत्र म्हणायचे थांबले. कोणीतरी अपशकुन म्हणालं, कोणीतरी शू केलं. म्हणजे अख्ख्या कारखान्यात जी एक वस्तू आपलं काम चोख करत होती, तिच्याकडे सगळे वाकड्या नजरेने पाहत होते. सुपरवायझरने बारीक तार आणली, हारांसकट दोरी वरच्या पाइपला आवळून बांधली, आणि मिल झोकात फिरली. टाळ्या झाल्या. मी परत आले तेव्हा मिल बंद होती, पेढे वाटत होते, आणि हारांच्या गर्दीत तार दिसायचं काही कारण नव्हतं. हार उतरवा, असं मी सुपरवायझरला सांगितलं. हो हो, म्हणाला. मग मला वर बैठकीला बोलावलं.

हार कोणी उतरवले नाहीत. देवाचा हार सुकेपर्यंत कोणी काढत नाही. मध्ये दसऱ्याची सुट्टी गेली.

कारखाना उघडला त्या सकाळी मी आधी खाली जाणार होते. जिन्यातच एचआरच्या मॅडम भेटल्या. साहेब वाट पाहतायत, हिरवळवाला थेट चालू माहिती दाखवणार आहे, लगेच चला. मी गेले. पडदा लागला होता, फुलबाज्या उडत होत्या, एकेक मशीन हिरवं होत होतं. सुपरवायझर उरलेले नवे स्टिकर टेबलावर मांडून, जुनेच फोटो लावत, केबिनमध्ये बसून बोट ठेवत होता आणि वर आम्हाला हिरवळ दिसत होती. सॉफ्टवेअर किती पारदर्शक आहे हे कळावं म्हणून त्या माणसाने मिलचा फोटो उघडून पडदाभर मोठा केला. खाली लिहिलं होतं, सुरक्षा दोरी तपासली, ठीक. फोटो खंडेनवमीचा होता. साहेब म्हणाले, काय सुंदर फुलं आलीयत. एचआरच्या मॅडमनी फोटोच्या स्पष्टपणाचं कौतुक केलं.

फोटो खरंच स्पष्ट होता. झेंडूच्या दोन फुलांमधून तार चकाकत होती.

मी म्हणाले की दोरी बांधलेली आहे, मिल बंद करायला पाहिजे, आत्ता. खाली पाळी सुरू झाली होती. मी सुपरवायझरला फोन लावला, त्याने उचलला नाही, कारण त्याच मोबाइलवर तो दुसरं मशीन हिरवं करत होता. मी उठले.

“बसा मॅडम, ही स्लाइड संपू दे,” साहेब म्हणाले.

मी बसले नाही. पण एचआरच्या मॅडम दार अडवून खुर्चीत बसल्या होत्या, त्यांना खुर्ची सरकवायला सांगावं लागलं, त्या साहेबांकडे पाहत राहिल्या, मग सरकल्या. हे सगळं मला आजही झोपेत दिसतं आणि झोपेतही मला त्या खुर्चीचा राग येतो. मी जिन्यात होते तेव्हा खालून ओरडणं ऐकू आलं.

रबराबरोबर त्याचा उजवा मोजा आत गेला होता. डाव्या हाताने त्याने दोरी ओढली. हार तुटून त्याच्या हातात आले, फुलं सगळीकडे उडाली, आणि दोरी जागची हलली नाही. त्याने पुन्हा ओढली. शेजारच्या प्रेसवरच्या माणसाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून त्याची फक्त दोन बोटांची टोकं गेली. ‘फक्त’ हा शब्द माझा नाही. तो नंतर साहेबांनी वापरला. मी पोचले तेव्हा तो मिलला पाठ टेकून खाली बसला होता, हात टॉवेलात गुंडाळलेला, अंगावर झेंडूच्या पाकळ्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, दोरी आली नाय.” मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

वर पडद्यावर मिल तेव्हाही हिरवीच होती.

पुढचं सांगताना जीभ कडू होते. हॉस्पिटलात टाके पडले, आणि संध्याकाळी साहेब फळांची टोपली घेऊन भेटायला गेले. मला वाटलं, माणूस आहे, लाज वाटली असेल. लाज कसली. कायद्याची भानगड अशी, की जखमी माणूस दोन दिवस घरी राहिला तर अपघात सरकारी कार्यालयाला कळवावा लागतो आणि गेटवरची पाटी शून्यावर येते. तो कामावर आला तर मात्र ती किरकोळ जखम. साहेब त्याला सांगायला गेले होते की उद्या फक्त येऊन बसायचं. केबिनमध्ये एसी आहे, चहा आहे, हवं तर गाडी पाठवतो. आणि हिरवळवाल्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खास सोय होती. ‘हलकं काम’ असा एक पर्याय. तो निवडला की फुलबाज्या चालूच राहतात. पन्नाशीच्या त्या माणसाच्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही नव्हतं. निर्णय तिथेच झाला. खरेदीवाल्या गृहस्थांनी तोंड पुसून सही केली. मी विरोध लेखी दिला, तो फायलीत गेला. सरकारी कार्यालयालाही मी स्वतः कळवलं. तिथून माणूस आला, त्याला गेटवरची पाटी दाखवली, चहा पाजला, तो गेला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर खरंच आला. हात गळ्यात बांधलेला, बायको सोबत, ती माझ्याशी बोलेना. तो केबिनमध्ये बसून भाडेकरूंना फोनवर झापत होता, आणि लोक काचेतून बघून हसत होते, काय मजा आहे बुवा याची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन त्याला बोलले. तुला कशाची कमी आहे, यांच्या पाटीसाठी तू इथे का बसलायस, घरी जा. एरवी वाद घातल्याशिवाय न राहणाऱ्या त्या माणसाने फोन खाली ठेवला आणि काचेबाहेर मिलकडे बोट दाखवलं.

“घरी बसलो ना मॅडम,” तो म्हणाला, “तं परत त्या मिलपुढं मी उभा नाय रानार. मना भीती वाटते. हितं बसून रोज बगतो तिला. बगून बगून जाईल.”

त्याच्यासाठी चहा सांगितला आणि माझ्यासाठीही.

भीती गेली की नाही मला माहीत नाही, पण टाके सुकल्यावर तो मिलवर परत आला. सॉफ्टवेअरही रुजलं, त्याच्यासाठी मशीनजवळची मोबाइलबंदी उठली. मिलला त्याची एक तारही जोडली, सुरक्षेसाठी नव्हे, मिल दिवसात किती वेळ बंद राहते हे साहेबांना कळावं म्हणून. मिल थांबली की सगळ्यांच्या मोबाइलवर लाल ठिपका येतो आणि कारण विचारतो. कारण भरलं की हिरवं. त्या वर्षभरात सुपरवायझरला उत्कृष्ट वापराबद्दल प्रमाणपत्र मिळालं. ते त्याने केबिनमध्ये लावलं आणि त्यालाही हार घातला.

मग पुन्हा खंडेनवमी आली. मी या वेळी गेटवर दुसऱ्याला पाठवलं आणि मिलपासून हलले नाही. दोरीला कोणी हात लावला तर भांडायची माझी पूर्ण तयारी होती. ऑपरेटर नवा शर्ट घालून, साखळी बाहेर काढून उभा होता. हार त्यानेच आणले होते, तसेच जाड, पण ते त्याने खाली परातीत ठेवले होते. भटजींनी खूण केली. साहेबांनी बटण दाबलं, मिल फिरायला लागली, लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, आणि ऑपरेटरने पुढे होऊन उजव्या हाताने, त्या दोन आखूड बोटांसकट, दोरी ओढली.

मिल थांबली. भटजी थांबले. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पूजेच्या वेळी असं कोणी करतं का, असं एचआरच्या मॅडम पुटपुटल्या. सगळ्यांच्या खिशात मोबाइल वाजले.

“चालते हाय,” तो कोणाकडेही न बघता म्हणाला. “आता करा पूजा.” मग परातीतला हार उचलून त्याने मिलच्या खांबाला बांधला, दोरीपासून लांब.

पेढे वाटताना साहेब माझ्याजवळ आले. गिऱ्हाइकाची पाहणी जवळ आलीय, तो लाल ठिपका तेवढा काढून टाका, कारण काहीही भरा, असं म्हणाले. मी यादी उघडली. वीज गेली, दुरुस्ती, माल संपला, इतर. दोरी ओढून पाहिली, असं कारण त्यात नव्हतं. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. तो ठिपका अजून तिथेच आहे, साहेब दर बैठकीत त्याबद्दल विचारतात, आणि मी दर बैठकीत त्यांना सांगते की पाहते.